छपरासाठी चार ओळी

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. नाताळची गडबड नुकतीच उरकली होती आणि मी कचेरीत पुढच्या अंकाची प्रुफं तपासत बसले होते, तेवढ्यात माझ्या गावच्या पाळकसाहेबांचा फोन आला.

"ताई, तुम्ही साप्ताहिकात लिहिता. आमच्यासाठी चार ओळी लिहून द्या. अशा लिहा, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

चार ओळी हव्या होत्या त्या देवळाच्या छपरासाठी. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आमचं देऊळ दगडी आहे, मिशनच्या काळातलं, शंभर वर्षांहून जुनं. वर मंगलोरी कौलं आणि खाली सागवानी वासे. त्या वाशांना वाळवी लागली होती. मागच्या पावसाळ्यात उपासना चालू असताना पाणी थेट बाजाच्या पेटीवर पडलं. मिस्त्रीने खर्च सांगितला ६ लाख ४० हजार.

"पत्र एकदा पाठवलंय आम्ही," पाळकसाहेब म्हणाले. "दिवाळीच्या आधी. १४० पाठवली. उत्तरं आली ११."

ते पत्र त्यांनी मला पाठवून दिलं. वाचलं आणि मला ते तोंडपाठ असल्यासारखंच वाटलं. सुरुवातीला आशीर्वाद, मग प्रभूने आपल्यावर केलेल्या उपकारांची आठवण, मग मंदिराच्या दुरवस्थेबद्दल खेद, आणि शेवटी 'सढळ हाताने' मदत करण्याची नम्र विनंती. तारीख आणि रक्कम बदलली तर हे पत्र कुठल्याही वर्षी, कुठल्याही गावात, कुठल्याही कामासाठी चाललं असतं. तुमच्या गावातल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचं पत्र काढून पाहा, तेही बहुधा असंच असेल.

मी हो म्हटलं. म्हणजे तोंडाने म्हटलं. मनात मात्र एक जुना काटा सलत होता. त्याबद्दल आधी सांगायला हवं.

ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांना तिथला पैसा कसा जमतो याची कल्पना नसते. पुष्कळांना वाटतं, यांचं काय, परदेशातून येतं सगळं. कधी काळी मिशनकडून येत होतं हे खरं. पण परदेशी देणग्यांवर १९७६ पासून कायद्याचं बंधन आहे. २०१० साली नवा कायदा आला आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा घ्यायचा तर नोंदणी तर हवीच, शिवाय तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावच्या मंडळीला त्यातलं काहीच लागू नाही. आमचा पैसा येतो तो गावातल्याच खिशांतून. रविवारी उपदेशानंतर गीत सुरू झालं की दोघेजण थैली फिरवतात. दर घरामागे महिन्याची वर्गणी ठरलेली असते. कुणी दशांश देतो, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, की आभाराचं दान म्हणून पाकीट येतं. आणि वर्षातून एकदा कापणीचा सण होतो, त्याला आमच्याकडे सर्रास 'हार्वेस्ट' म्हणतात.

हार्वेस्टची गंमत सांगायलाच हवी. त्या दिवशी घरचं जे काही असेल ते घेऊन माणसं येतात. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, घरी केलेला केक, लोणच्याची बरणी. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. आमच्या मागच्या आळीतल्या एक आजी दरवर्षी एक अंडं आणत. एकच. कोंबड्या त्यांच्या दोनच होत्या. ते अंडं लिलावात आलं की पहिला माणूस ५० रुपयांना घ्यायचा आणि "मंडळीला परत" म्हणून पुन्हा टेबलावर ठेवायचा. मग दुसरा घ्यायचा, तोही परत करायचा. असं ते एक अंडं दहा-बारा वेळा विकलं जायचं आणि शेवटी हातांहातांत कुठेतरी फुटायचं. तोवर त्याचे पाचशे-सहाशे रुपये झालेले असत. आजी पहिल्या रांगेत बसून सगळं पाहत असायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अजून विसरलेले नाही.

आता काटा.

१९९९ साली मी पाचवीत होते. वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. सतरा महिने आम्ही मंडळीची वर्गणी भरू शकलो नाही. महिन्याला २० रुपये, म्हणजे ३४० रुपये झाले. त्या वर्षी पंच कमिटीने ठरवलं, की बाकीदारांची यादी लावायची. एका रविवारी आम्ही देवळात गेलो, तर दारावर फुलस्केप कागद चिकटवलेला. गोल, सुबक अक्षरात २२ नावं. चौथं नाव आमच्या वडिलांचं.

आईने ती यादी वाचली. मी तिचा हात धरून उभी होते, त्यामुळे तो हात कसा घट्ट झाला ते मला कळलं. ती आत गेली नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. त्यानंतर दीड-दोन वर्षं ती नाताळ सोडला तर देवळात गेली नाही. रविवारी उपासनेची घंटा झाली की ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. आम्हा मुलांना मात्र वेणीफणी करून संडे स्कूलला पाठवायची.

यादी लावणारी माणसं वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. पाळकांचा पगार तीन महिने थकला होता, लाइट बिल भरायचं होतं. त्यांना वाटलं, नाव दिसलं की माणूस लाजेने तरी भरेल. काहींनी भरलेही असतील. पण २२ घरांपैकी एकाच्याही दारात जाऊन कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझं कसं चाललंय?

तर अशा देवळासाठी मला डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चार ओळी लिहायच्या होत्या.

पत्रकारितेच्या पदविकेत आम्हाला बातमी, मुलाखत, अग्रलेख सगळं शिकवलं, पण पैसे मागायचं पत्र कुणी शिकवलं नाही. मग मी आमच्याच परंपरेत कुणी चांगलं मागितलं होतं का ते शोधू लागले. पहिलं नाव आठवलं ते पंडिता रमाबाईंचं.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली आणि १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. भारतात बालविधवांसाठी शाळा काढायची आणि ती दहा वर्षं चालवण्याचा खर्च या मंडळाने उचलायचा, असं ठरलं. ठिकठिकाणी तिची छोटी छोटी मंडळं निघाली. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

मला यातली विचार करण्यासारखी वाटली ती 'दहा वर्षं' ही मुदत. रमाबाईंनी 'सदैव मदत असू द्या' असं म्हटलं नव्हतं. काम कोणतं, कुणासाठी, किती काळ, हे ठरवून मागितलं. मंडळाचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत जमाखर्च असे. १८९८ मध्ये मुदत संपली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि झालेल्या कामाचा अहवाल त्यांनी मंडळासमोर ठेवला. देणाऱ्यांनी नवं मंडळ उभारून मदत पुढे चालू ठेवली. तोवर दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला 'मुक्ती'चं काम उभं राहिलं होतं. ते अजून आहे.

पण तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. शारदा सदनात धर्मोपदेश होणार नाही, असं सुरुवातीला जाहीर झालं होतं. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कुणाची बाजू बरोबर, हा वेगळा विषय आहे. मला एवढंच दिसलं, की पाठिंबा मागताना काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय चाललंय, हे माणसं पडताळून पाहतात आणि तो त्यांचा हक्क असतो.

मग मी आणखी मागे गेले, थेट पौलापर्यंत. संडे स्कूलमध्ये त्याची पत्रं पाठ करून मी बक्षिसं मिळवली आहेत, पण करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र हे चक्क वर्गणीचं पत्र आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. यरुशलेममधल्या गरिबांसाठी तो पैसे गोळा करत होता आणि त्याने दोन अध्याय त्यासाठीच खर्ची घातले आहेत. त्यात तो मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी किती दिलं ते श्रीमंत करिंथकरांना ऐकवतो. शिवाय मी तिकडे तुमची फुशारकी मारून बसलोय, तेव्हा मला खाली पाहायला लावू नका, असंही सुचवतो. म्हणजे थोडी चढाओढ त्यानेही लावलीच! हे वाचून मला हसू आलं आणि आमच्या पंच कमिटीबद्दलचा राग किंचित कमी झाला.

पण पुढे तो एक गोष्ट सांगतो. एवढी मोठी रक्कम मी एकटा हाताळणार नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर असतील, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. दोन हजार वर्षांपूर्वी त्याने वर्गणीच्या पत्रातच तपासनीस नेमून टाकले. आणि फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी त्याने आलेल्या मदतीची पोच दिली आहे. कुणाच्या हातून आली, पूर्ण मिळाली, आता मला भरपूर आहे. तिथे तो आणखी काही मागत नाही.

आमच्या मंडळीने मागायची पत्रं किती पाठवली होती? आणि पोचेची किती?

हा प्रश्न घेऊन मी फेब्रुवारीत गावी गेले. खजिनदारकाका आता ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे गेलेत, पण स्मरण शाबूत. मी त्यांना विचारलं, "काका, २०११ साली कंपाउंडच्या भिंतीसाठी पैसे जमवले होते ना? त्याचं काय झालं?"

हा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. छपराच्या पत्राला उत्तर का दिलं नाही, असं मी पुण्या-मुंबईतल्या चार-पाच नातेवाइकांना फोनवर विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. "भिंतीला दिले होते. भिंत कुठाय?" गावी येताना ते पाहायचे, तर भिंत फक्त समोरच्या बाजूला. बाकी तिन्ही बाजूंना तीच जुनी बाभळीची काटी. उरलेला पैसा कुणी खाल्ला, यावर प्रत्येकाचं आपापलं अनुमान तयार होतं.

काका काही न बोलता उठले आणि कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात सगळं होतं. एकेक पावती दोऱ्याने बांधलेली. २०११ साली जमले होते १ लाख १२ हजार ४०० रुपये. समोरच्या भिंतीला ७१,२५० गेले. तेवढ्यात बोअरची मोटर जळाली, पाळकांच्या घराला पाणी नव्हतं, म्हणून कमिटीच्या ठरावाने २३,००० तिला लागले. उरले १८,१५०. ते काकांनी बँकेत मुदतठेवीत ठेवले होते आणि दर वेळी मुदत संपली की पुन्हा गुंतवले होते. व्याजासकट ते ४२ हजारांवर गेले होते.

"काका, हे कुणाला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? हिशेब चोख आहे. दरवर्षी ऑडिट होतं, धर्मादाय आयुक्तांकडे जातं."

सरकारदरबारी हिशेब जातो, पण ज्यांनी पैसे दिले त्यांना कळत नाही. तेरा वर्षं या प्रामाणिक माणसावर लोक मनातल्या मनात संशय घेत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी ते त्यांना सांगितलं नाही. सांगायचा धीर झाला नाही.

पेटीतल्या वह्या चाळताना माझा हात मध्येच थांबला. गोल, सुबक अक्षर. दारावरच्या त्या यादीचं अक्षर. १९९९ सालची वर्गणीची वही माझ्या समोर होती आणि तिच्यात वडिलांच्या नावाचं पान होतं. पानावर वर लाल शाईने '३४० बाकी'. खाली ऑक्टोबर १९९९ पासून बारीक बारीक नोंदी. १० रुपये. ५ रुपये. १० रुपये. एका महिन्यात २ रुपये. २००१ च्या डिसेंबरात शेवटची नोंद आणि तिच्यापुढे 'निरंक'. प्रत्येक नोंदीच्या पुढे 'हस्ते' या रकान्यात त्या अंडंवाल्या आजींचं नाव.

म्हणजे आई देवळात जात नव्हती, तेव्हाही पैसे देत होती. आजींच्या हाती, गुपचूप.

संध्याकाळी आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मग? द्यायचेच होते ना ते. यादी लावली म्हणून बुडवायचे की काय?" मग जरा वेळाने म्हणाली, "त्या आजी दर शनिवारी यायच्या. पैसे मागायला नव्हे हं. नुसत्या बसायच्या. मीच द्यायचे." आजी २०१६ साली गेल्या. त्यांना आता विचारता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीची बैठक होती, मला मुद्दाम बोलावलं होतं. मी म्हटलं, पत्राची सुरुवात २०११ च्या भिंतीपासून करू या. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. ती शिल्लक छपराला वापरणार आहोत, हरकत असेल तर कळवा. छपराचं मागणं त्यानंतर.

गलकाच झाला. एक वडील म्हणाले, "जुनं उकरून कशाला काढायचं? लोक विसरलेत." (आमच्याकडे मंडळीच्या पंचांना 'वडील' म्हणतात, वय काहीही असो. हे वडील पन्नाशीचे होते.) दुसरे म्हणाले, "पत्रबित्र ठीक आहे, पण माणसं अशी देत नाहीत. पूर्वी आपण बाकीदारांची यादी लावत होतो, वसुली चांगली व्हायची."

माझ्या आधी खजिनदारकाका बोलले. "वसुली झाली होती," ते म्हणाले, "पण त्या २२ घरांतली नऊ घरं परत आली नाहीत. माझ्या वहीत आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना आमच्या घराचं आठवत होतं का, ते मला आजतागायत माहीत नाही. मी म्हटलं, "त्या यादीत आमचंही नाव होतं." त्यावर कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी विषय पुढे नेला.

यादीची नवी आवृत्ती मात्र आधीच सुरू झालेली होती. कमिटीतल्या तरुणांनी देवळाच्या दाराशी क्यूआर कोड लावला होता. पैसे आले, की देणाऱ्याचं नाव आणि रक्कम मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून खाली हात जोडलेलं चित्र. हेतू आभाराचाच. पण एकाचे पाच हजार पडल्यावर ज्याच्याकडे शंभर आहेत तो कसा टाकणार? जो टाकणार तो थैलीतच टाकेल, कारण थैलीत मुठीत काय होतं ते कुणाला दिसत नाही. त्या गरीब विधवेची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, दोन दमड्या टाकणारी. येशूने तिचं कौतुक केलं खरं, पण शिष्यांना जवळ बोलावून. भर मंदिरात तिच्या नावाचा पुकारा केला नाही.

तरुणांना मी मिझोरामची गोष्ट सांगितली. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत १९१० च्या सुमारास बायकांनी एक रीत सुरू केली, ती अजून चालते. स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवायची. ते तांदूळ मंडळीच्या बायका घरोघरी जाऊन गोळा करतात, ते विकले जातात आणि त्या पैशातून धर्मकार्य चालतं. आज त्या मुठींचे कोट्यवधी रुपये होतात. यात हिशेबाइतकीच मोठी गोष्ट मला वाटते ती घरोघरी जाण्याची. तांदूळ घ्यायला आलेली बाई दारात उभी राहते, चार शब्द बोलते. चूल का पेटली नाही, ते तिला कळतं.

ग्रुपवर नावं टाकणं बंद झालं. ज्याचे पैसे आले त्याला त्याचाच निरोप, त्याचीच पावती. ग्रुपवर फक्त आठवड्याची एकूण रक्कम.

पत्र मी लिहिलं ते एका पानाचं. चार ओळींत काही ते बसलं नाही. डोळ्यांत पाणी आणणारा एकही शब्द त्यात नव्हता. भिंतीचा हिशेब होता आणि तेरा वर्षं तो कळवला नाही याबद्दल क्षमा मागितली होती. (या वाक्यावर पाऊण तास वाद झाला. काका म्हणाले, राहू द्या.) मग छपराचं मिस्त्रीने काढलेलं अंदाजपत्रक: वासे किती, कौलं किती, मजुरी किती. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा निम्मेच पैसे जमले तर निदान ती बाजू करू, हेही. कुणाला नाव कळवायचं नसेल तर तसं सांगा. ज्यांना आत्ता जमत नसेल त्यांनी काही देऊ नये, पण काही अडचण असेल तर कमिटीला जरूर कळवावं. खाली पाळकसाहेबांची आणि खजिनदारांची सही. काकांनी १४० पत्रांवर हाताने सही केली, शिक्का मारू दिला नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. काही पत्रं पत्ता बदलल्यामुळे परत आली. एका गृहस्थांनी लिहिलं, की मोटरीसाठी भिंतीचे पैसे वापरलेत हे चूकच होतं. आणि खाली सोबत दोन हजारांचा चेक जोडला. नाशिकहून एका बाईंचा फोन आला, त्या म्हणाल्या, पैसे नाहीत, पण मुलाचं शिक्षण अडलंय, कुणाशी बोलावं? त्यांच्यासाठी कमिटीतल्या एका मास्तरांनी धावपळ केली. छपराच्या पत्रातून हे निघेल असं कुणाच्या मनात नव्हतं. ३१ मार्चला ईस्टर होता. तोवर १ लाख ९० हजार जमले आणि मेअखेर ३ लाख ७ हजार. मुदतठेवीची रक्कम धरून पश्चिमेची बाजू झाली. पूर्वेच्या बाजूला ताडपत्री टाकली.

जुलैमध्ये मी म्हटलं, आता दुसरं पत्र पाठवायचं. काम किती झालं त्याचा फोटो आणि हिशेब.

"आणि किती मागायचे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"काही नाही."

"मागायचं नाही तर पत्र कशाला? टपालाचा खर्च..."

मी त्यांना फिलिप्पैकरांच्या पत्राची आठवण दिली. ते पाळक आहेत, त्यांना अध्याय सांगावा लागला नाही. हसले आणि म्हणाले, "लिहा."

ते पत्र गेलं आणि त्याची एक प्रत देवळाच्या दारावर लावली. त्या रविवारी मी गावी होते. आई आणि मी लवकर गेलो होतो, आत बाजाची पेटी कुणीतरी वाजवून पाहत होतं. आई दारापाशी थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तो कागद वरपासून खालपर्यंत वाचू लागली. एकेका आकड्याखाली तिचं बोट सरकत होतं. मी शेजारी उभी राहिले.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय?"

"बेरीज. खिळ्यांचे १२ रुपये दोनदा धरलेत." आणि मग आत डोकावून तिने मोठ्याने हाक मारली, "भाऊ! ओ खजिनदारभाऊ! पेन आहे का तुमच्याजवळ? जरा इकडे या."